आखितीचं पाणी

चाडं काय असतं हे आपल्याकडं कुणाला सांगायची गरज न्हाई, पण शहरातलं कुणी ऐकत असंल तर सांगते. पेरायच्या तिफणीवर लाकडाचं वाडग्यासारखं एक भांडं असतं आन् त्याच्या बुडाला नळ्या बसवलेल्या असतात. बाई चालता चालता मुठीनं त्यात बी सोडते, ते नळ्यांतून मातीत पडतं. माझ्या आईनं जलमभर चाड्यावर मूठ धरली. पेरणीच्या दिवशी आमी त्याला हळदकुंकू लावतो. लहानपणी एकदा माझा पाय लागला होता तर आईनं असा गालफाडात दिला की मला भाकर चावता येईना. तर त्या चाड्यात माझा सख्खा धाकटा भाऊ दारू ओतत होता.

खोटं कावून सांगू? आखितीचा, म्हंजी अक्षय्य तृतीयेचा दिवस. केजवरून जीपनं निघाले, पाटोद्यात उतरले, तिथून रिक्षा करून माहेरच्या शेतावर आले. बघते तर आमच्या मोठ्या आंब्याखाली तिफण बाजेवर चढवलेली. मला आधी वाटलं, पेरणीची तयारी चाललीय का काय, एवढ्या उन्हात? जवळ गेले. खाली चटईवर तीन बापे उताणे पडलेले, तिघांच्या तोंडात एकेक नळी. विजयसिंह वरून एक बारका डबा फोडायचा आन् चाड्यात उलटा करायचा, दुसरा फोडायचा आन् उलटा करायचा. खाली नरड्यांचा नुसता घटाघटा आवाज. मधल्याला ठसका लागला, नाकातून फेस आला, शेंबूड नळीला लागला. त्यानं नळी सोडली तशी दुसऱ्या एकानं पुसली न्हाई का धुतली न्हाई, तशीच तोंडात घातली आन् आडवा झाला. आजूबाजूचे टाळ्या पिटत होते.

शी!

"काय रे मुडद्या, हे काय लावलंय?" मी हातातली पिशवी खाली टाकली.

"आक्का! आलीस व्हय?" विजयसिंह हसत खाली उतरला. कमरेला पांढरं धोतर, डोक्याला फेटा, डोळ्याला काळा चष्मा. एरवी हा जीनची पँट सोडत न्हाई. "हे बघ, ह्याचं नाव 'पेरणी'. आवडलं का?"

"आईचं चाडं हाय ते."

"म्हणूनच तर. अस्सल पाहिजे ना, आक्का."

मग त्यानं मला कौतुकानं सगळं सांगितलं. वोडका असते म्हणं, तिच्यात कैरीजिरं, न्हाईतर पेरूमिरची असलं काहीबाही मिसळून कंपनीनं डब्यात भरलंय. फोडलं की प्यायचं. पुण्याच्या त्या कंपनीनं स्पर्धा लावली होती, आपापल्या भागाच्या पद्धतीनं हे डबे पाहुण्याला कसे द्याल ते दाखवा. ज्याचं आवडंल त्याच्याकडं कंपनी आपल्या पार्ट्या करणार, त्याची जाहिरात सगळीकडं फिरवणार. आमच्या वडिलांच्या रानात विजयसिंहानं दोन वर्षांपासून कृषी पर्यटन काढलंय, म्हणजे झोपड्या, झोका, बैलगाडीचा फेरा आन् परवाना काढून बार. कंपनीची माणसं कॅमेरा घेऊन आजच आली होती.

"आखितीलाच बरी गावली रे तुला ही कंपनी? घरात दादाची पहिली आखिती हाय, ठावं हाय ना तुला?"

"आक्का, त्यांच्या सोयीनं घ्यावं लागतं. आन् वहिनींचं घरात चाललंय की. आपलं बाहेर. कुणाला कुणाचा तरास न्हाई."

दादा म्हणजे धर्मराज. मी थोरली, मग धर्मराज, मग हा विजयसिंह. धर्मराज दिवाळीच्या तोंडावर गेला. दारूनं गेला. झाकून ठेवण्यात काय अर्थ न्हाई, अख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय. आन् त्याची पहिली आखिती असताना त्याचा भाऊ आंब्याखाली लोकांच्या नरड्यात नळीनं दारू सोडतोय.

मी तिथून निघाले तर वाटेत सटवा उभा. आमच्या रानात कामाला असतो, दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊस तोडायला जातो आन् गुढीपाडव्याच्या आसपास येतो. त्याच्या हातात कोयता दिलेला. डोक्याला चुंबळ, अंगावर मुद्दाम फाडलेली बंडी. बिचाऱ्याची स्वतःची बंडी धड होती, विजयसिंहानं ती काढायला लावून ही फाटकी घातली होती. पुढं उसाची मोळी, मोळीत डबे खोचलेले. पाहुणा आला की सटवानं कोयत्यानं डब्याचं डोकं उडवायचं आन् "घ्या साहेब, ताजी तोड" म्हणून पुढं करायचं. एका पाहुण्याला कापलेल्या पत्र्याची कड ओठाला लागली. रक्त डब्यावर आलं. त्यानं जिभेनं ते रक्त चाटलं आन् म्हणला, "लई भारी, एकदम रॉ!"

सटवा माझ्याकडं बघंना. पाच महिने ज्या कोयत्यानं पोट भरलं तो कोयता असा नाचवायला लावला, मग माणूस कुठं बघणार? मी थुंकले आन् घरात गेले.

घर आंब्याच्या मागंच हाय, साधं स्लॅबचं. रोहिणी, धर्मराजची बायको, चुलीपुढं बसून शेवटची पोळी भाजत होती. बाहेर एवढा दंगा चाललेला, पण हिनं दार लोटून घेऊन, आत उदबत्ती लावून, जसं काय बाहेर काही न्हाईच. मला बघून उठली, पाया पडली.

"आक्का, बरं झालं लवकर आलात. सगळं झालंय. आता फकस्त ह्यांना पाणी द्यायचं राहिलंय."

हे पाणी काय ते सांगते. आखितीला आमी पितरांच्या नावानं केळी भरतो. केळी म्हणजे खायचं फळ न्हाई, बारक्या गोल घागरीसारखं मातीचं भांडं. ते गव्हाच्या राशीवर ठेवायचं, गळ्याला पांढरा दोरा बांधायचा, तोंडावर आंबा ठेवायचा. जेवढे पितर तेवढ्या केळ्या. आन् गेलेल्या माणसाच्या जागी एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवायचं, त्याचे पाय धुवायचे, त्याला जेवू घालायचं. शेवटी तो केळीतलं पाणी पितो आन् "पोचलं" म्हणतो. मग थोडं पाणी तो बुडाला ठेवतो, ते घरातल्यांनी घोट घोट घ्यायचं. "पोचलं" असं ऐकल्याबिगर घरातलं कुणी जेवत न्हाई.

रोहिणीला ह्या पाण्याचं येड लागलं होतं, आन् ते बरोबरच होतं. धर्मराजच्या पोटात पाणी झालं होतं. पोट हे एवढं फुगलेलं आन् तोंडाला कोरड. डॉक्टरनी सांगितलं, पाणी मोजून द्या, चमच्यानं. शेवटच्या दिवसांत तो नुसता पाणी मागायचा. "रोहिणे, एक तांब्या दे गं, गार. एकच दे." तिनं दिलं न्हाई. डॉक्टरनी न्हाई म्हणलं होतं आन् तिला वाटलं होतं नवरा जगणार हाय. तो पाणी मागत मागत गेला. तवापासून ह्या बाईनं गार पाण्याला तोंड लावलं न्हाई. उन्हाळा असा चाललाय की पत्र्यावर भाकर भाजावी, आन् ही कोमट पाणी पिते. मला फोनवर नुसतं एकच सांगायची, "आक्का, आखिती येऊ द्या. त्यांना पोट भरून पाजते."

"पितर कोण सांगितलाय?" मी इचारलं.

"तात्याबा."

मला खरंच वाटंना. तात्याबा म्हणजे धर्मराजचा जोडीदार, शाळेपासूनचा आन् गुत्त्यापासूनचा. दोघं एकाच ताटलीतले चणे खायचे, एकाच गटारीत पडायचे. रोहिणीनं त्या माणसाला किती शिव्या घातल्या असतील त्याला गणती न्हाई.

"दवाखान्यात शेवटी तोच बसून होता, आक्का," ती म्हणली. "कापूस ओला करून ह्यांच्या ओठावर फिरवायचा. रडायचा आन् फिरवायचा. आन् ह्यांना जाळून आला तसा सरळ कपिलधारला गेला, धबधब्याखाली उभा राहिला आन् सोडली. तवापासून थेंब घेतला न्हाई. त्याची बायको सांगत होती, हात कापतात, झोप येत न्हाई, उठून अंगणात चकरा मारतो. पण घेतली न्हाई. दुसरा कोण बसवू मी?"

मी म्हणलं, बरं केलंस.

"मागच्या वाळूवर केळी ठेवलीय, तेवढी आणता का? यंदा बाजारात केळीच न्हाई आली. कुंभाराच्या घरी जाऊन ही एकच मागून आणली, त्यानं त्याच्या घरच्यासाठी ठेवलेली दिली. परवापासून भिजवतीय. वाळा घातलाय आत. दोराबी बांधलाय. लई गार झालं असंल पाणी."

मी मागच्या दारानं गेले. ओल्या वाळूत केळीच्या बुडाचा गोल खळगा होता. केळी न्हाई.

बाजारातली केळी कुणी उचलली असंल ह्याचा मला तवा संशय आला. तशीच पदर खोचून आंब्याखाली गेले. तर हे बघा! वाळूचा लांब वाफा घातलेला आन् त्यात ओळीनं केळ्याच केळ्या. प्रत्येकीच्या तोंडावर आंब्याचं पान, आत वाळ्याची मुळी. कंपनीची पोरगी कॅमेऱ्यापुढं उभी राहून सांगत होती की मराठवाड्याच्या मातीत, मातीच्या भांड्यात, निसर्गानं गार केलेलं कॉकटेल. आन् विजयसिंह शेजारी हात जोडून उभा.

"ह्याचं नाव काय दिलंय?" तिनं इचारलं.

"आज्याचा घोट," विजयसिंह म्हणला.

बाहेरच्या माणसाला कळत न्हाई ते मी समजू शकते. ह्याला कळत होतं! ह्याच्या आज्याची, बापाची केळी ह्यानं स्वतः हातानं भरलेली हाय. कळून सवरून त्यानं ते नाव दिलं होतं, कारण ते कॅमेऱ्यात चांगलं वाटत होतं.

गावातले चार प्रतिष्ठित मांडवात बसलेले. भगवानराव, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, मधल्या खुर्चीत. सगळ्यांच्या हातात एकेक केळी दिली. सगळे केळीकडं बघायला लागले. कुणी पिईना. एकजण हळूच म्हणला, "अहो, ही तर आखितीची केळी हाय की." दुसऱ्यानं केळी मांडीवरून खाली ठेवली. माझ्या जिवात जीव आला. म्हणलं, चला, माणसं हायेत अजून.

तेवढ्यात कॅमेरा भगवानरावांकडं वळला. भगवानरावांनी मिशी सारखी केली, हसले, पान बाजूला सारलं आन् केळी तोंडाला लावली. मग काय! खाली ठेवणाऱ्यानंबी उचलली. सगळे बापे पितरांचं भांडं तोंडाला लावून ढोसायला लागले, हनवटीवरून वघळ छातीवर, आन् वरून "वा विजयसिंह, वा!" एकानं तर वाळ्याची मुळी दातात धरून चघळली आन् पिचकन थुंकली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसलं.

"विज्या," मी जाऊन त्याचा फेटा हलंल एवढा दंड हलवला, "रोहिणीची केळी कुठंय?"

"कोणची? आक्का, शूटिंग चालू हाय."

"घाल चुलीत तुझं शूटिंग. मागच्या वाळूवरची. पांढऱ्या दोऱ्याची."

त्यानं सटवाकडं बघितलं. सटवा खाली मान घालून म्हणला, "मालक म्हणले एक कमी पडतीय, मागची आण. दोऱ्याची हाय म्हणून समोर ठेवली. फोटोत चांगली दिसती म्हणले."

ओळीच्या टोकाला ती होतीच. पांढरा दोरा, गळ्याला चंदनाचं बोट. तोंडावर पान, भांडं काठोकाठ.

"कुणी उष्टी न्हाई ना केली?"

"न्हाई आक्का. हात न्हाई लावला कुणी."

"भरलेली हाय ना?"

"भरलेली हाय."

"ने बाई, ने," विजयसिंह दात ओठ खात हळू आवाजात म्हणला, "पण आता आरडू नको. दादाचं काय, दादा काय बघायला येतोय?"

त्याला तिथंच कानफाडायची होती मला. पण भरली केळी हातात, आन् ती हिंदकळू द्यायची न्हाई. दोन्ही हातांनी छातीशी धरली आन् निघाले. गार लागत होती. वाळ्याचा वास येत होता. मला बरं वाटलं की निदान एवढं तरी ह्या घाणीतून सुखरूप निघालं.

घरात तात्याबा येऊन बसला होता. वाळून काटकी झालेला, पण अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. हात मांडीखाली दाबून धरलेले. रोहिणीनं केळी माझ्याकडून घेतली, डोळे मिटून कपाळाला टेकवली आन् गव्हाच्या राशीवर ठेवली. वरचं पान काढून आंबा ठेवला. उदाचा धूर घरभर केला. मग तात्याबाचे पाय धुतले. ज्या पायांना तिनं "ह्या उंबऱ्यात पडू देणार न्हाई" म्हणून सांगितलं होतं ते पाय तिनं ताटात घेऊन धुतले, पदरानं पुसले. तात्याबा भिंतीकडं बघत होता, त्याच्या हनवटीची शीर उडत होती.

पुरणपोळी, आमरस, कुरडई, भजी, कढी, सगळं वाढलं. धर्मराजला भजी लई आवडायची म्हणून दोनदा वाढली. तात्याबानं आग्रहाबिगर सगळं खाल्लं. बाहेरून गाणं लागलं, कुणीतरी शिट्टी मारली. रोहिणीनं तिकडं कान दिला न्हाई. ती नुसती त्याच्या तोंडाकडं बघत होती, घास गेला का, घास गेला का.

ताट झालं. तिनं केळी उचलली, आंबा बाजूला काढला, दोन्ही हातांनी तात्याबापुढं धरली.

"घ्या. पोटभर घ्या. आज कुणी अडवणार न्हाई तुमाला." ती तात्याबाशी न्हाई बोलत होती.

तात्याबानं केळी घेतली, कपाळाला लावली, तोंडाला लावली. एक घोट गेला.

आन् त्याचं नरडं थांबलं.

मी समोरच बसले होते. त्याचे डोळे केळीच्या काठावरून माझ्याकडं आले, आन् त्या डोळ्यांत असली भीती होती की मला एका क्षणात सगळं उमगलं. भरलेली हाय, म्हणला होता सटवा. भरलेलीच होती. माझ्या त्या हरामखोर भावानं रोहिणीचं पाणी वाळूत ओतून दिलं होतं आन् तिच्यात डबे रिकामे केले होते. आन् मी, मी शहाणी, ती छातीशी धरून घेऊन आले होते. वास घ्यायचं सुदिक सुचलं न्हाई मला. वाळ्यावर भुलले.

माझं तोंड उघडलं. तात्याबानं मान हलवली. एवढीशी. नको म्हणून.

"गार हाय ना?" रोहिणीनं इचारलं. लहान लेकरासारखं इचारलं तिनं. "आता न्हाई अडवणार मी तुमाला. प्या."

तो काय करू शकत होता सांगा? केळी खाली ठेवली असती तर तिनं इचारलं असतं, काय झालं. थोडं ठेवलं असतं तर ते घोट घोट आमी घेणार होतो, आन् बारा वर्षं दारूड्याचा संसार केलेली बाई, तिला ओठाला लागायचा अवकाश! मग पहिल्या आखितीला आपण नवऱ्याला काय पाजलं हे तिला कळलं असतं. पाण्याला तरसून मेलेल्या माणसाला परत तेच.

तात्याबानं डोळे मिटले आन् केळी वर केली. थांबला न्हाई. नरड्याचं हाड वरखाली, वरखाली. गालावरून पाणी वाहत होतं, डोळ्यांतलं का केळीतलं ते कळंना. मला त्याच्याकडं बघवंना आन् नजर काढताबी येईना. बुडातला थेंबन् थेंब त्यानं वढला. केळी उलटी करून पाटावर ठेवली. पदर तोंडात कोंबून मी उमाळा आत दाबला.

"पोचलं, वहिनी," तो म्हणला. आवाज घोगरा झाला होता. "लई गार होतं. पोचलं त्याला."

रोहिणी तिथंच मटकन बसली आन् रडायला लागली. धर्मराज गेल्यापासून ही बाई अशी रडली नव्हती, मयतालाबी न्हाई. मी तिला जवळ घेतलं. हुंदक्यात ती केळीकडं हात करून म्हणली, "बघा ना आक्का, थेंबबी ठेवला न्हाई ह्यांनी आमाला. किती तहान लागली होती बघा."

मी "हो गं हो" म्हणलं. दुसरं काय म्हणणार होते? तिनं उठून माठातलं गार पाणी घेतलं, अख्खा तांब्या, आन् उभ्यानं घटाघटा प्याली. इतक्या दिवसांनी.

केळी घासायच्या निमित्तानं मी उचलली आन् मागं जाऊन दगडावर आपटली. तुकड्यांना कैरीजिऱ्याचा गोड कुजका वास येत होता. मग मात्र मला उलटी झाली. उपाशी पोटी नुसतं आंबट पाणी पडलं. तोंड धुतलं तर समोर तात्याबा, भिंतीला टेकून उभा. दोन्ही हात कापत होते. जीभ ओठावरून फिरत होती, त्याच्याही नकळत फिरत होती, मला ते बघून त्याची किळस आली आन् त्या किळसेची मला लाज वाटली. तात्याबानं माझ्या भावजयीची लाज राखली होती आन् त्याची किंमत त्याच्या अंगातून आता वर येत होती.

"ओकून टाक, तात्याबा," मी म्हणलं. "घाल बोट."

"न्हाई पडणार, आक्का. अंगानं धरून ठेवलंय." त्यानं हसल्यागत केलं. "ह्या सा महिन्यांत एवढं सोपं कधीच वाटलं न्हाई बघ. हात बी थांबतील आता थोड्या वेळानं."

"मी विज्याला आज सोडत न्हाई."

"काय करणार? आरडलीस तर वहिनी ऐकंल." खरं होतं. माझ्या तोंडाला त्यानं कुलूप घातलं होतं, आन् विजयसिंह आयुष्यभर सुटला होता. ह्याचाच मला जास्त संताप आला.

"घरी जा तू. सरळ घरी जा."

तो हलला न्हाई. आंब्याकडं बघत राहिला. आमच्या घरापासून गावात जायची वाट आंब्याखालूनच जाते, दुसरीकडनं नांगरट हाय आन् विहीर. तिकडं बर्फाच्या टपात डबे चमकत होते, भगवानराव उठून नाचायला लागले होते.

"आक्का," तो म्हणला, "मला घरापस्तोर सोडायला येतीस का? माझा हात धर. एकट्याला न्हाई जमायचं."

मी त्याचं मनगट धरलं. परक्या बापयाचा हात धरून भर दिवसा, गावाच्या तोंडावर. काय म्हणायचं ते म्हणू दे लोकांना. आमी आंब्याखाली आलो. तसा विजयसिंह फेटा सावरत पुढं आला, हातात फोडलेला डबा. त्याला कशाचाच पत्ता नव्हता, का होता, देव जाणे.

"तात्याबा, जेवलास का? ये की रे, एक घे. दादाच्या नावानं."

तात्याबाचा हात माझ्या हातात त्या बाजूला ओढला गेला, पुरा, खांद्यापासून. मी बांगड्या रुतेपर्यंत आवळलं.

"घट्ट धर, आक्का," तो माझ्या कानापाशी म्हणला, "अजून घट्ट."